कानशिलाची खिडकी

अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्यांचा प्रश्न एकच असतो: आत डोक्यात काय चाललंय? पेशंट बेशुद्ध. सीटी स्कॅन करता येतो, पण तो त्या क्षणाचा फोटो. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तिथवर न्यायचं, हीच एक जोखीम.

सोनोग्राफीचं यंत्र मात्र खाटेपाशी येतं. अडचण होती कवटीची. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनिलहरी कवटीच्या आरपार सोडून मेंदूतल्या पोकळ्यांची चित्रं मिळवल्याचं सांगितलं. पुढे १९५०च्या दशकात उलगडलं की त्या चित्रांत दिसत होतं ते बहुतांशी हाडच! मला हा प्रसंग यशस्वी शोधांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी मग चित्राचा हट्टच सोडला. मेंदूची मधली रेघ एका बाजूला सरकलीय का, एवढंच त्यांनी प्रतिध्वनीला विचारलं.

खरी वाट १९८२ साली सापडली. मूळचे नॉर्वेचे रूने ओस्लीड यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे २ मेगाहर्ट्झचा प्रोब कानशिलावर टेकवला. तिथलं हाड पातळ. त्यांनी चित्र मागितलं नाही, रक्ताचा वेग मागितला. त्यामागचं तत्त्व डॉप्लर यांनी १८४२मध्ये ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलं होतं. माणसाच्या डोक्यापर्यंत यायला त्याला १४० वर्षं लागली.

वेगाचा उपयोग काय? धमनीचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्त सांडलं, ऑपरेशन नीट झालं, घरच्यांनी सुटकेचा श्वास घेतला. आणि चौथ्या दिवसापासून पुढचे दीडेक आठवडे धमन्या आकसण्याचा धोका सुरू. पाइपचं तोंड दाबलं की धार जोरात येते, तसंच इथे. मेंदूतल्या मधल्या धमनीत सरासरी वेग सेकंदाला साधारण ६० सेंटीमीटर असतो. तो १२०च्या वर गेला की शंका, २००च्या वर गेला की गंभीर. पण सगळीकडूनच रक्त जास्त वाहत असेल तरी आकडा चढतो. म्हणून लिंडेगार्ड यांनी मानेतल्या धमनीशी तुलना सुचवली: तीनपटीहून अधिक असेल तर धमनी आकसल्याचा संशय बळावतो.

याच आलेखात कधी रक्त पुढे जाऊन तितकंच मागे फिरताना दिसतं. डोक्यातला दाब रक्ताला आत येऊ देत नाही, असा त्याचा अर्थ. तरीही आपल्याकडे १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा मेंदूमृत्यू ठरवताना अशा आलेखावर थांबत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि तपासणी सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. ते सहा तास बाहेरच्या बाकावर फार लांब असतात.