गंज, गेरू आणि शेंदूर

बारामती-इंदापूरच्या शिवारात ‘गंज’ कोणता, हे लिंगावरून कळते. कडब्याची ती गंज, लोखंडावरचा तो गंज. पहिली सरळ फारसीतून आलेली. तिथे गंज म्हणजे खजिना, साठा. दुसऱ्याचे मूळ मला फारसीतल्याच ‘जंग’मध्ये दिसते. हिंदीने जंग तसाच ठेवला, आपण अक्षरे उलटवली असावीत. नुकसानीचे ‘नुसकान’ करणाऱ्या बोलीला हे जड नाही. अर्थात हा माझा कयास. आपला जुना शब्द ‘कीट’, संस्कृत किट्ट. लोखंडाचे जुने कीट म्हणजे मंडूर. वैद्य त्याचे भस्म पांडुरोगावर देतात. ‘तांबेरा’ मात्र शेतकऱ्याने गव्हासाठी आणि उसासाठी राखून ठेवला.

उसाचा रस आंबट, सामू पाच-साडेपाचच्या आसपास. त्यामुळे माळेगाव असो की भवानीनगर, गाळप संपले की साखर कारखान्यात गंजाशी झटापट आलीच. मोठ्या कामाला ‘सँडब्लास्टिंग’ म्हणतात. वाळूची धूळ फुफ्फुसे पोखरते, म्हणून आता कॉपर स्लॅग किंवा पोलादी दाणे मारतात. वाळू गेली, नाव राहिले. दाण्यांच्या माऱ्याने गंज जातोच, नव्या पत्र्यावरचा निळसर काळा पापुद्राही निघतो आणि करडे, खरखरीत लोखंड उघडे पडते. साधारण चार तासांत त्यावर प्रायमर बसायला हवा. हवा दमट असली तर त्याआधीच तांबूस झाक येते.

आता गंमत पाहा. रेडऑक्साइड प्रायमरचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूचाच. गंजाचा सख्खा भाऊबंद. गेरू म्हणजे गैरिक, गिरीतून निघालेला. गंजून झालेली वस्तू आणखी काय गंजणार? पाणी अडवते ती त्याला धरून ठेवणारी राळ किंवा तेल. पूर्वी पुलांना, जहाजांना शेंदूर फासत. त्यातले शिशाचे ऑक्साइड गंज खरोखर रोखायचे, पण शिसे विषारी, म्हणून ते मागे पडले.

रंगाचा ‘हात’ मात्र टिकला. ब्रश जाऊन स्प्रेगन आली, रंगारी पत्र्याला बोटही लावत नाही. तरी ‘दोन हात मारा’ असेच सांगतात. ‘कोट’पेक्षा मला हाच शब्द भावतो.

पावसाळ्याआधी गोठ्याच्या पत्र्याला हात देणार असाल, तर आधी तारेच्या ब्रशने पोपडे काढा. गंजावर मारलेला रंग पोपड्यासकट गळतो.