शिरीन लिमये

शिरीन विजय लिमये ही पुण्याची भारतीय बास्केटबॉल खेळाडू आहे. तिने भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले असून राष्ट्रीय स्पर्धांत ती महाराष्ट्राकडून खेळली आहे.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

जुलै २०१७ मध्ये बंगळुरू येथे झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेच्या 'ब' विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवून विजेतेपद मिळवले. शिरीन या संघात होती. या विजयामुळे भारताला 'अ' विभागात, म्हणजे आशियातील अव्वल आठ संघांत, प्रवेश मिळाला.

या विभागात टिकून राहणे अवघड ठरले. २०१९ मध्ये बंगळुरूमध्येच झालेल्या स्पर्धेत भारत आठव्या स्थानी राहिला. २०२१ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे शिरीनच्या नेतृत्वाखाली खेळताना भारताला जपानने १३६–४६ असे पराभूत केले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या जपानने पुढे ही स्पर्धाही जिंकली. भारत पुन्हा शेवटच्या स्थानी राहिला व 'ब' विभागात परतला.

२०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही ती कर्णधार होती. गटसाखळीत भारताने इंडोनेशियाला ६६–४६ आणि मंगोलियाला ६८–६२ असे नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. यजमान चीनविरुद्धचा गटातील सामना मात्र भारताने गमावला. उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाने भारताचा ९६–५७ असा पराभव केला.

व्यावसायिक खेळाची स्थिती

शिरीनच्या कारकिर्दीच्या काळात भारतीय महिलांसाठी दीर्घकाळ टिकलेली पाच-पाच खेळाडूंची व्यावसायिक लीग नव्हती. त्यामुळे रेल्वेसारख्या सरकारी संस्थांतील क्रीडा कोट्यातील नोकरी हाच बहुतेक खेळाडूंचा आर्थिक आधार राहिला. राष्ट्रीय स्पर्धेवरील भारतीय रेल्वेच्या महिला संघाच्या वर्चस्वामागेही हे एक कारण आहे. जपानमध्येही महिलांचे अनेक प्रमुख संघ कंपन्यांचेच आहेत. तथापि तेथे ते दरवर्षी मोसमभर चालणाऱ्या राष्ट्रीय लीगमध्ये परस्परांशी खेळतात. भारतीय खेळाडूंना मात्र सरावासाठी मुख्यतः शिबिरे आणि मोजक्या दिवसांच्या स्पर्धा यांवर विसंबावे लागते. अम्मान येथील ९० गुणांच्या फरकाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.