मुरगावचे बंदर आणि बोलपटाची साक्ष

आम्ही वऱ्हाडची माणसे. समुद्राशी आमचा संबंध अकोला-अमरावतीचा कापूस मुंबईस जाऊन जहाजात चढे, एवढ्यापुरताच; त्याच्या लाटा आम्हांपैकी पुष्कळांनी प्रथम पाहिल्या त्या पडद्यावर. म्हणूनच की काय, पडद्यावर खरे बंदर दिसले की कथाही खरीच मानण्याचा मोह आम्हांस अंमळ अधिक होतो. ‘द सी वुल्व्ज’ ह्या १९८० सालच्या इंग्रजी बोलपटाने तो मोह पुरेपूर घातला.

ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन असे जगद्विख्यात नट घेऊन दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन गोव्यात उतरले, ते जेथे प्रसंग घडला त्याच किनाऱ्यावर तो पुन्हा घडविण्यासाठी. मूळ प्रसंग असा. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळी एरनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज मुरगावच्या आश्रयास राहिली होती. पोर्तुगाल तटस्थ, तेव्हा तेथे त्यांस धक्का लावण्याची सोय नव्हती. एरनफेल्सवरील गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांस दोस्तांच्या जहाजांची वर्दी जाते, असा इंग्रजांचा ग्रह झाला. सरकारी सैन्य पाठवावे तर तटस्थतेचा उघड भंग. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स ह्या हौशी पथकातील पोक्त वयाचे, व्यापारउदीम करणारे गोरे गृहस्थ निवडले गेले. फीबी नावाचे गाळ वाहणारे ओबडधोबड गलबत कलकत्त्याहून निघून लंकेला वळसा घालून आले. बहुतेक मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन त्यात चढली. ९ मार्च १९४३ ही कार्निव्हलची अखेरची रात्र. गावात नाचगाणे चालले असता चढाई झाली. कप्तान मारला गेला, खलाशांनी आपले जहाज आपणच बुडविले, आणि हे पाहताच इतर तिन्ही जहाजांवरील लोकांनीही तोच मार्ग धरला. ही हकीगत सविस्तर लोकांपुढे आली ती १९७८ साली, जेम्स लीझर ह्यांच्या पुस्तकाने.

बोलपटात एक हेर सुंदरी घुसडली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही, धंदाच तो. परंतु ह्या एका चढाईने पाणबुड्या आंधळ्या झाल्या, ही त्याची फलश्रुती मात्र निमूटपणे स्वीकारता येत नाही. एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्याने पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही वर्गात मुलांस शिकवितो. खऱ्या धक्क्यावर चित्रण झाले म्हणून ह्या दाव्यास तिळभरही पुरावा अधिक मिळत नाही. प्रेक्षकाचा विश्वास तेवढा वाढतो.

आणि त्या मार्चमध्ये इकडे काय चालले होते? गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास ३ तारखेस सुटला होता. आष्टी-चिमूरच्या उठावास जेमतेम सात महिने लोटले होते. खुद्द गोव्यात सालाझारच्या अमलाखाली साधी सभा भरविण्याची मुभा नव्हती. मडगावची लोहियांची सभा १९४६ ची, आणि पोर्तुगीज गेले १९६१ च्या डिसेंबरात. ज्यांच्या बंदरात दोन परकीयांनी तिसऱ्या परकीयाच्या नजरेआड हा डाव खेळला, ते गोमंतकीय बोलपटात गर्दीपुरतेच येतात. त्या रात्री मुरगावात जे विशीत होते, ते चित्रणाच्या वेळी साठीकडे झुकलेले होते. कॅमेरे त्यांच्याच दारांवरून बंदराकडे गेले.