भुयारातील उजेड

इसवी सन १८६३ च्या जानेवारीत लंडन शहरात पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जगातील पहिली भुयारी रेल्वे धावू लागली, तेव्हा तिची इंजिने वाफेची असल्यामुळे स्थानके धुराने आणि गंधकाच्या उग्र दर्पाने कोंदून जात. १८९० मध्ये विजेची गाडी आली आणि धूर हळूहळू सरला; परंतु जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या माणसाची धास्ती घालविण्याचे काम स्थापत्यकलेकडेच राहिले.

लेस्ली ग्रीन या तरुण वास्तुविशारदांनी १९०६-०७ च्या सुमारास गडद तांबड्या, झिलईदार भाजक्या मातीच्या दर्शनी भिंतींची स्थानके उभारली आणि खाली फलाटांवर प्रत्येक ठिकाणी फरशांची निराळी रंगसंगती व निराळी नक्षी योजिली. नेहमीच्या उतारूला पाटी न वाचताही आपले स्थानक ओळखता यावे, ही त्यातील सोय मला सौंदर्याइतकीच मोलाची वाटते. १९०८ मध्ये, अवघे ३३ वर्षांचे असताना ग्रीन निवर्तले.

त्याच वर्षी भुयारी रेल्वेच्या जाहिरातखात्याचा कारभार फ्रँक पिक यांच्याकडे आला. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या अधिकाऱ्याची नजर विलक्षण चोखंदळ होती. जाहिरातींच्या गर्दीत स्थानकाचे नावच हरवून जाते हे पाहून त्यांनी जाहिरातींना ठरावीक जागा नेमून दिल्या. नावाच्या पट्टीमागे तांबडी तबकडी आली. आणि पुढे एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकारांकडून त्यांनी जी अक्षरमाला करवून घेतली, तिच्यातील लहान 'आय'वरचे टिंब गोल नाही, रुंद टोकाचा बोरू कागदावर टेकवावा तसे चौकोनी व तिरपे आहे. यंत्रयुगातल्या त्या पाटीवर हाताची खूण राहिली ती एवढ्याशा टिंबात!

पिक यांचे खरे सहकारी मात्र चार्ल्स होल्डन. वास्तुरचना हे अनेकांच्या हातांचे काम होय, अशा दृढ श्रद्धेने 'सर' ही पदवी नाकारणाऱ्या या निगर्वी गृहस्थांनी १९२८ मध्ये पिकॅडिली सर्कसच्या रस्त्याखाली वर्तुळाकार तिकीटघर साकारले. १९३० मध्ये दोघांनी मिळून जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क व स्वीडन येथील नवी बांधकामे पाहिली, आणि त्यानंतरच्या स्थानकांतून अलंकार जवळजवळ गळून पडले. १९३३ चे साउथगेट त्यांपैकीच. तेथील गोल तिकीटघराचे छत मधोमध उभ्या असलेल्या एकाच खांबाने तोलून धरले आहे. सरकत्या जिन्यांच्या मधून ओळीने उभ्या असलेल्या कांशाच्या दीपस्तंभांचा प्रकाश वर, कमानदार छताकडे जातो आणि तेथून मऊ होऊन खाली पसरतो, त्यामुळे उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर कोठेही तिरीप येत नाही.