निरपवाद दायित्वाची कुळकथा

अमरावती वा अकोला जिल्ह्यातील एखाद्या कारखान्यातून विषारी वायू सुटून शेजारच्या वस्तीस इजा पोहोचली, तर पीडित इसमाने कोणाचाही हलगर्जीपणा शाबीत न करता जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज करावा आणि त्यांनी चौकशीअंती भरपाईचा हुकूम द्यावा, ही तजवीज १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने झाली. तिचे कूळ मात्र वऱ्हाडच्या कापसाशी दोन ठिकाणी सोयरीक सांगते.

अमेरिकेतील यादवीच्या काळात वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला, त्याच लँकेशायरात जॉन रायलँड्स या गिरणीमालकाच्या नव्या तलावाचे पाणी १८६० साली सोडून दिलेल्या खाणमार्गांवाटे फ्लेचर नामक शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची कसूर नसतानाही, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत साठवितो त्याने नुकसानीची जोखीमही सोसावी, असे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १८६८ मध्ये ठरविले; परंतु दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य अशा अपवादांनी हा नियम क्षीण होत गेला.

दुसरी सोयरीक भोपाळची. कपाशीवरील किडींसाठीही वापरले जाणारे कार्बारिल बनविणाऱ्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटून हजारो माणसे मेली. आणि वर्षभराने दिल्लीच्या श्रीराम कारखान्यात ओलियमची गळती झाली, तेव्हा न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने १९८६ मध्ये ते सारे अपवाद रद्द ठरवून, उद्योग जितका मोठा व संपन्न तितकी भरपाई अधिक, असे सूत्र घालून दिले.

तथापि नादार मालकावरील हुकूमनामा पीडिताच्या हाती काहीच देत नाही; म्हणून १९९१ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला, आणि पुढील वर्षीच्या दुरुस्तीने हप्त्याबरोबर सहाय्यनिधीतही भर घालण्यास मालकास बांधून घेतले. मृत्यूस २५,००० आणि मालमत्तेच्या हानीस कमाल ६,००० रुपये हे तात्काळ साहाय्याचे आकडे मात्र तीन दशकांहून अधिक काळ तसेच राहिले. शिवाय हा कायदा अकस्मात वा अनपेक्षित घटनेपुरता; वर्षानुवर्षे जमिनीत मुरणाऱ्या विषाची दाद मागण्यास २०१० च्या कायद्याने स्थापिलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे वऱ्हाडकरांना पुण्याच्या पीठाकडे, जावे लागते.

विम्याने पीडितास त्वरित पैसा मिळतो हे खरे, पण भरपाईचा आकडा जोवर हानीहून फार खाली ठेवला आहे, तोवर सावधगिरीवर खर्च करण्यापेक्षा हप्ता भरून मोकळे होणे मालकास स्वस्त पडते, आणि उरलेली हानी पीडिताच्या पदरी राहते.