जाणणे म्हणजे काय? जांबच्या नारायणाचा प्रश्न आणि इतिहासाची कसोटी

१/ जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेस, जांब हे गाव आहे. शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस (इ.स. १६०८) येथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. हाच पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. लग्नमंडपातील ‘सावधान’ ऐकून पळालेला मुलगा सर्वांना ठाऊक आहे. पण ‘ज्ञान कशास म्हणावे’ या प्रश्नावर त्याच मुलाने पुढे किती कठोर विचार केला, हे फारसे सांगितले जात नाही.

२/ हा विचार दासबोधात आहे. वीस दशक, दोनशे समास आणि सुमारे पावणेआठ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्याच समासात रामदास आपल्या आधारग्रंथांची नावे सांगतात, आणि त्या आधाराशेजारी स्वतःची आत्मप्रचीती ठेवतात. ग्रंथात काय लिहिले आहे, गुरू काय सांगतो आणि स्वतःला काय प्रत्ययास येते, अशा तीन कसोट्या ते मानतात: शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती व आत्मप्रचीती. तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

३/ न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांवर पंडितांचे वाद शतकानुशतके संस्कृतात चालले. रामदासांनी हाच मूळ प्रश्न, म्हणजे ‘हे तुला कशावरून कळले?’ हा प्रश्न, मराठी ओवीत आणून सामान्य श्रोत्यापुढे ठेवला.

४/ पाचव्या दशकातील ‘बहुधा ज्ञान’ हा समास या दृष्टीने विलक्षण आहे. भूत-भविष्य सांगणे, वेदपठण, रागज्ञान, रत्नांची, घोड्यांची, धातूंची, नाण्यांची परीक्षा, औषधे, भाषा, एवढेच नव्हे तर दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, अशी लांबलचक यादी ते देतात. लोक या सर्वांस ज्ञान म्हणतात. रामदास एकेक उचलून म्हणतात की हे ते ज्ञान नव्हे.

५/ येथे घाई करून चालत नाही. नाणे पारखणाऱ्या सराफाची विद्या खोटी आहे, असे त्यांचे म्हणणे नाही. व्यवहारात तिचे मोल आहेच. पण सराफ नाणे पारखतो; पारखणारा कोण, हे त्या पारखीतून कळत नाही. जगातील प्रत्येक वस्तू जाणून झाली तरी जाणणारा अजाण राहू शकतो. म्हणून पुढच्याच समासात ‘शुद्ध ज्ञाना’चा विचार येतो आणि नजर वस्तूवरून पाहणाऱ्याकडे वळते.

६/ मग जाणणाऱ्याला जाणता येते काय? हा पेच रामदासांच्या आधी साडेतीनशे वर्षे ज्ञानदेवांनी मांडला होता. अनुभवामृतात ‘अज्ञानखंडन’ आणि त्यापाठोपाठ ‘ज्ञानखंडन’ अशी दोन प्रकरणे आहेत. अज्ञान आहे असे ज्याला कळले, तो अज्ञानी कसा? आणि अज्ञानच सिद्ध होत नसेल, तर त्याला घालवणारे ज्ञान तरी कोठे उभे राहणार? अज्ञानाच्या जोडीने ज्ञानाचेही नाव पुसले जाते.

७/ रामदासही या सीमेपाशी येतात. सहाव्या दशकाच्या शेवटी ते सांगतात की अंतिम समाधान अनिर्वाच्य आहे. बोलू गेले की ते बोलण्याच्या बाहेर राहते. तरीही ते मौनात थांबत नाहीत. याच ग्रंथात पुढे राजकारण, प्रयत्न, अगदी अक्षर कसे वळणदार काढावे इथपर्यंत निरूपण आहे. शब्दांची मर्यादा ओळखणे म्हणजे शब्दांत हयगय करण्याची मुभा नव्हे, असाच याचा अर्थ होतो.

८/ ‘पढतमूर्ख’ या समासात ही शिस्त आणखी टोकदार होते. विद्या असून आचरण नसलेला, आणि ग्रंथ मुळापासून न पाहताच त्याला दूषण देणारा, या दोघांनाही रामदास त्याच पंक्तीत बसवतात. अडाण्याला न कळणे क्षम्य असेल. शिकलेल्याने न तपासता बोलणे क्षम्य नाही.

९/ दैवयोग असा की ही कसोटी पुढे खुद्द रामदासांच्या चरित्रालाच लावावी लागली. त्यांच्या आयुष्याविषयी घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या अनेक कथांचा आधार हनुमंतस्वामींची बखर हा आहे, आणि ती समर्थांच्या निर्वाणानंतर (शके १६०३) शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. शिवाजी महाराजांशी पहिली भेट १६४९ मध्ये झाली, असे परंपरा मानते. उलट दिवाकर गोसावी यांस लिहिलेल्या १६५८ व १६७२ च्या पत्रांच्या आधारे ही भेट १६७२ मध्ये झाली, असे दुसरा पक्ष मांडतो. त्या पत्रांच्या अर्थावर आणि अस्सलपणावरही विसाव्या शतकात अभ्यासकांचे कडाक्याचे वाद झाले.

१०/ या वादात श्रद्धा आणि अस्मिता दोन्ही गुंतल्या आहेत. म्हणूनच पुरावा काय म्हणतो यापेक्षा आपल्याला काय हवे आहे, हे आधी बोलू लागते. बखर ही परंपरेची साक्ष आहे, म्हणजे एका अर्थी गुरुप्रचीती. पत्र हा लिखित आधार. पण भूतकाळाची आत्मप्रचीती कोणालाच येत नाही. १६४९ मध्ये किंवा १६७२ मध्ये जाऊन डोळ्यांनी पाहण्याची सोय नाही. इतिहासज्ञानाची ही खरी सीमा.

११/ त्या सीमेवर उभे राहून करता येते ते एकच: मूळ कागद शोधणे आणि ताडून पाहणे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापून हेच केले. मठामठांतून पोथ्या, पत्रे, टिपणे गोळा केली आणि डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून दासबोध छापला. देव स्वतः समर्थभक्त होते. भेटीच्या तिथीविषयी त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनाही त्यांनी जमवलेल्या कागदांचाच आधार घ्यावा लागतो. भक्तीने सुरू झालेले काम विरोधकाच्याही हाती पुरावा देऊन गेले.

१२/ आज जांबला जाणाऱ्यास समर्थांचे जन्मघर दाखवतात. तेथे नमस्कार करणाऱ्यास कोणी प्रमाण विचारत नाही, विचारूही नये. पण तेथून परतून ‘इतिहास असा आहे’ असे लिहिणाऱ्याने, मग तो समर्थांचा अनुयायी असो वा टीकाकार, नारायणाचा जुना प्रश्न आधी स्वतःला विचारावा: हे मला कशावरून कळले? आणि उत्तर ‘ऐकले होते’ एवढेच असेल, तर तेवढेच लिहावे.