तुळईतली टकटक आणि एका कुलाचे नामांतर

रात्रीचा शुकशुकाट, इंग्लंडमधले एखादे जुने घर, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि डोक्यावरच्या तुळईतून येणारी टकटक. ही मरणाची चाहूल आहे, अशी तिथे समजूत होती. म्हणून आवाज करणाऱ्या जीवाला ‘डेथवॉच’ म्हणू लागले. लोकभ्रमांवरच्या आपल्या १६४६ च्या ग्रंथात सर टॉमस ब्राउन यांनी या समजुतीचाही समाचार घेतला.

टकटक असते जेमतेम ७ मिलिमीटरच्या भुंगेऱ्याची. तो लाकडावर डोके आपटून जोडीदाराला साद घालतो. खरे नुकसान त्याच्या अळ्या करतात, तेही निःशब्दपणे: बुरशीने मऊ झालेला ओक त्या कित्येक वर्षे पोखरत राहतात.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे छप्पर दुसऱ्या रिचर्डच्या काळात, १३९३ पासून, सुतार ह्यू हरलंड याने उभारले. १९१४ मध्ये फ्रँक बेन्स यांच्या अहवालाने उघड केले, की त्या भव्य तुळया आतून पोकळ झाल्या आहेत. १९२३ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत छपराला पोलादाचा छुपा आधार दिला गेला. कीड मारण्यासाठी सल्ला घेतला तो हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा. बिहारमधल्या पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ राहिलेले आणि १९०९ मध्ये भारतीय कीटकांवर ग्रंथ लिहिणारे हेच ते लेफ्रॉय. १९२५ मध्ये प्रयोगशाळेतल्या विषारी वायूने त्यांचा बळी घेतला.

आता वर्गीकरण. इथे जुनी पुस्तके वाचणारा हमखास अडखळतो. स्वीडनच्या डी गीर यांनी १७७४ मध्ये या जातीचे वर्णन केले. आज ती झेस्टोबियम रूफोविलोसम. विसाव्या शतकातली बहुतेक पुस्तके तिला ‘ॲनोबीइडी’ कुलात ठेवतात. हे नाव १८२१ चे, फ्लेमिंग यांचे. शेजारचे ‘टिनिडी’ कुल मात्र लात्रेय यांनी १८०२ मध्येच नोंदवले होते. त्यातले कोळ्यासारखे दिसणारे भुंगेरे मुख्यतः कोठारांतल्या साठ्यांवर जगतात, तुळयांशी त्यांचा फारसा संबंध नाही. पुढे दोन्ही एकाच कुलाच्या शाखा मानल्या गेल्या आणि अग्रक्रमाच्या नियमाने जुने नाव टिकले. परिणाम काहीसा गमतीचा: लाकूड पोखरणाऱ्यांची संख्या मोठी, पण कुलाला नाव कोठारवाल्यांचे! जुन्या ॲनोबीइडीतले भुंगेरे आता टिनिडीच्या अनेक उपकुलांत विभागलेले आहेत, ‘ॲनोबीइनी’ हे त्यांतले फक्त एक. तेव्हा जुन्या ग्रंथात एक कुल आणि नव्या सूचीत दुसरे दिसले, तर किडे दोन समजू नका. वेस्टमिन्स्टरची तुळई पोखरणारा तोच आहे.